बिभीषणच्या घरची घाण

आमच्या घरात धूळ बसत नाही. तिची हिंमतच होत नाही. माझी बायको प्रेमला सकाळी उठली की आधी फडकं हातात घेते आणि मग देवाचं नाव. बाजारातून आलेले बिस्किटांचे पुडे ती धुते, गॅसच्या सिलिंडरला दर गुरुवारी अंघोळ घालते, आणि एकदा तिने टीव्हीचा रिमोट धुतला, तेव्हापासून आम्ही उठून जाऊन चॅनेल बदलतो. राहात्यात आमच्या गल्लीत तिला तोंडावर कोणी काही बोलत नाही, पण येणारा प्रत्येक जण उंबऱ्यावर थांबून आधी स्वतःचे तळपाय बघून घेतो.

अशा घरात मी दत्तोपंत, तहसील कचेरीतला कारकून, निवृत्त झाल्यावर दिवसभर राहायला आलो. मी जिथे बसेन तिथलंच नेमकं पुसायचं राहिलेलं असायचं. खुर्चीत बसलो की खुर्ची हलवायची वेळ व्हायची, ओट्यावर गेलो की ओटा धुवायचा असायचा. चहासुद्धा बिनसाखरेचा. डॉक्टर अर्ध्या चमच्यापर्यंत उदार झाले होते, पण प्रेमला डॉक्टरांपेक्षा कडक. सबंध घरात माझी म्हणावी अशी हातभर जागा नव्हती आणि ह्याचं मला खरोखर वाईट वाटायचं. कचेरीत निदान एक टेबल तरी होतं.

मासे मला दाढेमुळे सुचले. शिर्डीला दाताच्या डॉक्टरकडे बाहेर बसलो होतो आणि समोर माशांची काचेची टाकी होती. दाढ ठणकत होती, पण माझं लक्ष त्या माशांतून हलेना. कुठे जायची घाई नाही, कोणी ऊठ म्हणत नाही, आपलं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. माझा नंबर आला तेव्हा मी मागच्या बाईंना पुढे सोडलं. पुढच्या आठवड्यात दाढ अगदी ठणठणीत असताना मी पुन्हा जाऊन बसलो, तेव्हा तिथल्या मुलीने मला ओळखलं आणि मग मला जाणं बंद करावं लागलं.

घरी विषय काढला. प्रेमला आधी नाही म्हणाली, मग चार दिवस काहीच म्हणाली नाही, आणि पाचव्या दिवशी तिने अट घातली. "टाकीचा वास आला नाही पाहिजे. आणि एक जरी मासा मेला, तरी त्याच दिवशी टाकी भंगारवाल्याच्या गाडीवर. मेलेलं काही मला घरात चालणार नाही." तिचं मन बदलायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

टाकी आली, लोखंडी स्टँड आला. खिडकीतलं ऊन पडलं की पाणी हिरवं होतं असं मोबाईलवर ऐकलं होतं, म्हणून आतल्या कोपऱ्यात, जिथे हिचं शिलाई मशीन होतं तिथे जागा मागितली. आश्चर्य म्हणजे तिने ती दिली. स्टँडचा एक पाय उचलला जात होता, त्याखाली पुठ्ठा घालून टाकी सरळ केली. तळाशी घालायचे खडे धुवायचे होते, ते काम प्रेमलाने माझ्या हातातून काढून घेतलं. पाण्यामागून पाणी बदलून तिने ते इतके धुतले की शेवटी त्यांचा रंग गेला. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते माशांना मारतं, म्हणून दोन दिवस उघड्या पिंपात ठेवलेलं पाणी टाकीत भरलं. हवेचा छोटा पंप लावला. त्याला जोडलेला एक काळा स्पंजचा गोळा, त्यातून बुडबुडे निघू लागले. मी समोर खुर्ची टाकली आणि बसलो. कोणी उठवलं नाही.

पण मासे लगेच सोडायचे नव्हते. इथेच सगळी मेख होती. माशांची घाण पाण्यात विरघळली की तिचं विष होतं आणि नव्या टाकीत मासे त्यानेच मरतात. ते विष खाणारे काही जंतू असतात. ते हळूहळू स्पंजमध्ये घर करतात, स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत होतो, मग टाकी माशांना लायक झाली असं समजायचं. ह्याला महिनाभर लागतो आणि तोवर जंतूंना खायला म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. पाण्यात विष किती आहे ते बघायला एक किट मिळतं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष.

हे सगळं मी प्रेमलाला सांगितलं नाही. तुम्हीच सांगा, जिने रिमोट धुतला तिला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो की तुझ्या मशीनच्या जागेवर मी जंतू पाळतोय? मी म्हटलं, पाणी मुरायला ठेवलंय. लोणचं मुरतं तसं. तिने मान डोलावली.

तर रोज सकाळी मी रिकाम्या टाकीला जेवू घालू लागलो. शेजाऱ्याला हे कळायला एक दिवसही लागला नाही. शेजारी म्हणजे बिभीषण. त्याचं दूध संकलन केंद्र आमच्या भिंतीला लागून आहे. त्याच्याकडे चार फुटी टाकी आहे, ती त्याने केंद्राच्या दर्शनी भागात ठेवली आहे आणि दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ती दाखवतो. सहा वर्षांत एक मासा मेला नाही म्हणतो. त्याच्या म्हशीसुद्धा कधी आटत नाहीत आणि त्याच्या मोटारसायकलला कधी पंक्चर होत नाही, तेव्हा मी त्यातलं अर्धंच धरतो. पण टाकी सुंदर होती हे कबूल करायला हवं.

बिभीषणशी आमचं बोलणं संक्रांतीपासून बंद होतं. भोगीला प्रेमलाने त्याच्या आईला, मनकर्णाबाईंना, डबाभर गुळाच्या पोळ्या पाठवल्या होत्या. हिच्या माहेरचा, झाकणावर नाव कोरलेला स्टीलचा डबा. दुसऱ्याच दिवशी कॅन धुतलेलं पाणी हिच्या रांगोळीवर आलं आणि हिने भर गिऱ्हाइकांत बिभीषणला सुनावलं की तुझ्या कॅनना वास मारतो, धुवायची अक्कल नाही. दूधवाल्याला ह्याहून मोठी शिवी नाही. तोही म्हणाला की काकू, तुमच्या घरात माशीबी उपाशी मरती. झालं, दोन्ही घरांची दारं मिटली. आणि डबा तिकडेच राहिला. शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालून देतात. मनकर्णाबाई रिकामा देऊन अपशकुन करणार नव्हत्या आणि भांडणात साखर घालणार नव्हत्या. इकडे प्रेमलाही मागणार नव्हती. प्रत्येक सणाला ती त्या डब्याची आठवण काढायची आणि तेवढा दिवस आमच्या घरातल्या इतर डब्यांची खैर नसायची.

बिभीषण माझ्याशी बोलत नव्हता, पण चिडवायला बोलणं लागत नाही. मी सकाळी टाकीपाशी उभा राहिलो की तो भिंतीपलीकडून आपल्या माणसाला मोठ्याने विचारायचा की पंतांचे मासे जेवले का रे, का आज एकादशी आहे. जुन्या टाकीतला घाणेरडा स्पंज नव्या टाकीत टाकला की महिन्याचं काम लगेच होतं, हेही मला मोबाईलने सांगितलं होतं. राहात्यात मला माहीत असलेली जुनी टाकी एकच, आणि तिच्या मालकाकडे मी मेलो तरी हात पसरणार नव्हतो.

खरं तर मला गंमत वाटू लागली होती. एका दुपारी प्रेमलाच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या. त्या भजनाला बसल्या तेव्हा मी उठलो, टाकीत चिमूट टाकली आणि पाण्याकडे बघून हळू आवाजात म्हणालो, ढकलाढकली करू नका, सगळ्यांना मिळेल. मग एका कोपऱ्याकडे बोट दाखवून त्या बायकांना सांगितलं की हा जरा लाजाळू आहे, त्याला वेगळं वाढावं लागतं. पेटीवर बसलेल्या बाईंचा सूर गेला. निघताना त्यांनी प्रेमलाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मी आतल्या खोलीत उशीत तोंड घालून हसलो.

दुसऱ्या दिवसापासून मला रात्री भिजवलेले बदाम मिळू लागले. प्रेमला मला आजची तारीख विचारायची, उगाच, बोलता बोलता. मी एकदा मुद्दाम गेल्या वर्षीची सांगितली. तिचा चेहरा असा उतरला की माझंच मला लागलं आणि मी लगेच खरी सांगितली. पण टाकीचं खरं काही सांगितलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

एका गोष्टीने मात्र मी खरोखर हैराण झालो होतो. महिना उलटला तरी नळीतलं पाणी हिरवंच. थेंब टाकले की हिरवं, पाणी बदललं की दोन दिवस जरा फिकं, मग परत हिरवं. स्पंज बघावा तर पहिल्या दिवसासारखा काळाभोर, तपकिरीचा टिपूस नाही. मी सगळं सांगितल्याप्रमाणे करत होतो आणि काही होत नव्हतं. आपल्याला हेही जमणार नाही असं मला वाटू लागलं. जंतूसुद्धा ज्या घरात टिकत नाहीत तिथे मासे काय राहणार, असं म्हणून मी एकदा खुर्ची मागे सरकवली होती.

अशातच एका शनिवारी संध्याकाळी आमची मुलगी अश्विनी नगरहून आली. गावाचं नाव बदललं तरी आम्ही नगरच म्हणतो. कळवलं नव्हतं. एसटीतून उतरून तशीच रिक्षाने आली. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. तिने माझ्याकडे असं काही प्रेमाने बघितलं की मी जरा घाबरलोच. पिशवी माझ्या डोळ्यांसमोर धरून ती म्हणाली, "बाबा, हे खरे आहेत. दिसतात ना तुम्हाला?"

पिशवीत सात गप्पी मासे होते. नारिंगी, निळे, एक काळ्या शेपटीचा. एक वाकड्या पाठीचा, बारका, इतरांच्या खाली खाली राहणारा. प्रेमलाने तिला फोनवर काय काय सांगितलं होतं ते मग बाहेर आलं. बाबा रिकाम्या पाण्याशी बोलतात, त्यातल्या एकाला लाजाळू म्हणतात. अश्विनीने डॉक्टरला विचारायच्या आधी मासे आणायचं ठरवलं होतं, कारण टाकीत मासे असले तर निदान लोकांना कळणार नाही. पोरीला कारकुनाचं डोकं माझ्याकडूनच मिळालंय.

मी कपाळाला हात लावला आणि सगळं सांगितलं. विष, जंतू, स्पंज, थेंब, सगळं. मी वेडा नाही हे कळून दोघींचा जीव भांड्यात पडला, पण माझा बाहेरच होता. पाणी अजून हिरवं दाखवतंय, स्पंजवर काही धरत नाही, आणि हे सात जण रात्रभर ह्या पाण्यात राहिले तर सकाळी काय होईल ते मला दिसत होतं. का धरत नाही तेच कळत नाही, असं मी म्हणालो.

तेव्हा प्रेमला अगदी सहज म्हणाली, "धरेल कसा? मी रोज धुते तो."

मी फिरायला चितळी रोडला गेलो की ती स्पंज बाहेर काढायची, साबणाच्या वडीने खसाखसा चोळायची, नळाखाली पिळून पिळून स्वच्छ करायची आणि मी यायच्या आत पुन्हा बसवायची. एकही दिवस चुकवला नव्हता. तिला वाटत होतं मी कौतुक करीन. हात लावला की जरा बुळबुळीत लागतो हो, ती म्हणाली, पण मी तसा राहू देत नाही.

मी ओरडलो. इतक्या वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. म्हणालो की ह्या घरात एक कोपरा माझा होता, तोही तू धुऊन टाकलास. अश्विनी बाबा, बाबा करत मध्ये आली.  प्रेमला पिशवीतल्या माशांकडे बघत उभी राहिली, मग तिने पदर खोचला आणि मला विचारलं की असा घाणेरडा स्पंज आत्ता कुठे मिळेल. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"चला," ती म्हणाली.

मी नको म्हणालो. त्या माणसाच्या दारात जाण्यापेक्षा मासे पिंपात ठेवू, उद्या शिर्डीला जाऊ, काहीतरी करू. पण प्रेमला चपला घालून फाटकाबाहेर पडलीसुद्धा. मी तिच्यामागून गेलो. संध्याकाळच्या दुधाची वेळ होती, केंद्रावर पंधरा-वीस माणसं कॅन घेऊन उभी. नेमकी तेवढीच, जेवढी संक्रांतीला होती. आम्हाला बघून रांग आपोआप बाजूला झाली आणि बिभीषण मापाचं भांडं हातात घेऊन उभा राहिला.

प्रेमलाने आडवळणं घेतली नाहीत. म्हणाली की तुझ्या टाकीतला जुना स्पंज हवाय, न धुतलेला. बिभीषणने आधी माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं. असा दिवस त्याच्या आयुष्यात पुन्हा येणार नव्हता आणि ते त्याला कळत होतं.

"म्हंजी काकू," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमाला आमच्या घरची घान पायजे?"

रांगेत कोणीतरी खोकलं. मी तिथल्या तिथे जमिनीत जायला तयार होतो. प्रेमलाच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती. ती शीर उडाली की काय होतं ते मी चाळीस वर्षं बघत आलोय, म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो.

"हो," ती म्हणाली. "आमच्या घरी नाहीये. तुमच्याकडे चांगली आहे, म्हणून मागायला आले. ह्यांचे मासे जगले पाहिजेत." आणि थोडं थांबून, तितक्याच मोठ्याने, "तुझ्या कॅनना वास नव्हता. मी रांगोळीच्या रागात बोलले होते."

बिभीषणला ह्याची अपेक्षा नव्हती. तो टोमण्यांची तयारी करून उभा होता आणि ते सगळे त्याच्या तोंडात राहिले. त्याने मापाचं भांडं खाली ठेवलं, बाह्या वर केल्या आणि तो टाकीकडे वळला. त्याच्या टाकीत दोन स्पंज होते, एक दिला तरी त्याचं अडणार नव्हतं. सगळं सुरळीत होत होतं आणि मी गप्प राहायला हवं होतं. पण मनकर्णाबाई आतून हात पुसत आल्या, काय चाललंय विचारू लागल्या, आणि मी त्यांना समजेल असं सांगायला गेलो. म्हटलं, दुधाला विरजण लागतं ना, तसं ह्या टाकीला हे विरजण.

मनकर्णाबाईंनी मुलाचा हात धरला. "थांब रं," त्या म्हणाल्या. त्यांनी बाहेर बघितलं. देवापुढे दिवा लागलेला होता. "ताई, दिवं लागल्यावं इरजन देत न्हाईत. घरची लक्षुमी जाती. दूधदुभत्याचं घर हाय आमचं. सकाळी या, मीच आनून देते."

मी घाईघाईने म्हणालो की विरजण नाहीये ते, नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं, स्पंज आहे, घाण आहे. पण एकदा नाव घेतलं ते घेतलं. बिभीषणने आईपुढे मान खाली घातली. त्याच्या एवढ्या मोठ्या गप्पा, पण आईच्या शब्दापुढे त्याचं काही चालत नाही. रांगेतले दोघे-तिघे म्हणाले की खरं आहे, तिन्हीसांजेला देत नाहीत. माझी जीभ हासडून द्यावी असं मला वाटलं. घरी पिशवीतल्या पाण्यात हवा किती उरली असेल ते मी मनात मोजत होतो.

प्रेमला मात्र निघाली नाही. ती मनकर्णाबाईंच्या मागे, आतल्या फळीकडे बघत होती. तिथे ओळीने डबे होते आणि त्यात एकाच्या झाकणावर नाव होतं.

"मनकर्णाबाई," ती म्हणाली, "विरजण राहू द्या. माझा डबा तुमच्याकडे आहे."

"हाय की. तुमचा डबा कुटं जातोय. पर रिकामा कसा द्यायचा म्हनून ऱ्हायला."

"मग रिकामा देऊ नका."

मनकर्णाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. विरजण द्यायला वेळ बघावी लागते, पण शेजारणीचा डबा परत करायला कुठलीही वेळ चालते, आणि डबा भरून द्यायचा तर त्यात काय घालायचं हे देणाऱ्याने ठरवायचं. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक येताना मला दिसलं. मग त्या हसू लागल्या, पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत. प्रेमलाही हसली. नऊ महिने बंद पडलेलं ते हसणं होतं, ते लवकर थांबेना. रांगेतल्या एकाने दुधाला उशीर होतोय म्हटलं तर बिभीषण त्याच्यावर डाफरला.

डबा फळीवरून खाली आला. बिभीषणने टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि स्पंज वर काढला. तपकिरी, लिबलिबीत, त्यावरून काहीतरी ओघळणारा. तो त्याने डब्यात ठेवला आणि सुकू नये म्हणून वर टाकीचं पाणी ओतलं. माहेरच्या लखलखीत डब्यात ती घाण बसली. प्रेमलाने झाकण लावलं, डबा दोन्ही हातांत घेतला आणि सांडू नये म्हणून ती अंगणातून इतकी जपून चालली की मी तिच्या पुढे जाऊन फाटक उघडून धरलं.

बिभीषण अर्थातच मागून आला. दूध आईवर सोपवून आला आणि उंबऱ्यावर न थांबता, तळपाय न बघता सरळ टाकीपाशी गेला. प्रेमलाने ते बघितलं आणि बादली आणून दिली. टाकीतलं बरंचसं पाणी काढून पिंपात ठेवलेलं भरलं, धुतलेला स्पंज काढून घाणेरडा बसवला. माशांची पिशवी तशीच बंद पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखंच गार होईपर्यंत. मग तोंड सोडून तिच्यात थोडं थोडं टाकीचं पाणी घातलं आणि शेवटी बिभीषणने आणलेल्या जाळीने मासे एकेक करून सोडले. दुकानाचं पाणी बाहेर फेकलं. बिभीषणने प्रत्येक गोष्ट कशी चुकते ते सांगितलं आणि मी प्रत्येक गोष्ट तशीच केली. वाकड्या पाठीचा तळाशी जाऊन खड्यांवर टेकला. तो दमला असेल, असं अश्विनी म्हणाली. बिभीषणने खाली वाकून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

पहिल्या दिवशी काही खायला घालायचं नाही, असं मी सांगितलं. हे प्रेमलाला अजिबात पटलं नाही. पाहुणे एवढे नगरहून आलेले आणि उपाशी झोपायचं म्हणजे काय, असं ती दोनदा म्हणाली. मग दिवे घालवले आणि आम्ही झोपलो. मला अट आठवत होती. तिलाही आठवत असणार, पण तिने ती काढली नाही आणि मीही काढली नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा प्रेमला आधीच उठलेली होती, त्यात नवल नव्हतं. मी तडक टाकीकडे गेलो. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि हलवलं. पिवळं. मी उजेडात नेऊन बघितलं, पिवळंच. मासे वर येऊन तोंड उघडून खायला मागत होते. काळ्या शेपटीचा सगळ्यांत पुढे. वाकड्या पाठीचा कुठे दिसेना. मी खाली वाकून बघितलं, स्पंजच्या मागे बघितलं, खड्यांवर बोट फिरवलं. नव्हता.

मी उठून अंगणात गेलो. मोगऱ्याच्या कुंडीतली माती उकरून पुन्हा थापलेली होती, आणि मातीत एक उदबत्ती खोचलेली होती, अर्धी जळलेली.

प्रेमला स्वयंपाकघरात चहा गाळत होती. गाळणी नवीकोरी होती, जुनी कचऱ्याच्या डब्यात पडलेली. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो की एक वाकडा होता, बारका. तिने कपावरून नजर न उचलता सांगितलं की असा कुठला नव्हताच, तुमची नजर कमी झाली आहे, चष्म्याचा नंबर बघून घ्या. तिच्या नखांत माती होती. जिच्या नखांत मी लग्नापासून कधी काही बघितलं नाही, तिच्या.

तेवढ्यात बिभीषण फाटकातून हाका मारत आला, मासे बघायला म्हणून. टाकीपुढे बसून त्याने बोट नाचवत मोजलं आणि पुन्हा एकदा मोजलं.

"काका, काल सात हुते न्हवं?"

प्रेमलाचा हात कपाशी थांबला. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"सहाच होते," मी म्हणालो. "अश्विनीला विचार. सहाच आणले होते तिने."

बिभीषणने माझ्याकडे बघितलं, मग अंगणातल्या कुंडीकडे, आणि मग सहा वर्षांत एकही मासा न मेलेला तो माणूस म्हणाला की व्हय, सहाच आसतील, अंधारात मोजायला चुकलं. प्रेमला बाहेर आली, तिने त्याला चहा दिला आणि मला दिला. मी टाकीपुढच्या खुर्चीत बसून पहिला घोट घेतला. चहात साखर होती, चांगली दोन चमचे.